साचा क्रमांक अकरा

शुक्रवार पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत
आमचं ऑफिस होतं. तीन खुर्च्या, एक पंखा,
कीबोर्डच्या फटींत ज्वारीचं पीठ.
सीडी खांबेट्यांनी आणलेली,
रीतसर, पावतीसकट. पावती फ्रेम करायची राहिली एवढंच.
प्रोग्रॅमचं नाव मांडव.
चोवीस साचे. खांब आयते, झालर आयती,
आपण फक्त नाव घालायचं.

"सोऱ्यासारखं आहे," मी पहिल्या गिऱ्हाइकाला म्हटलं,
"चकती बदलली की चकली नाहीतर शेव.
पीठ तुमचंच."
त्यांना पटलं. बोहरी आळीत बिजागऱ्या विकायचे ते.

मग दोन वर्षं मान वर करायला फुरसत नाही.
चोवीस साचे असून सगळ्यांना अकराच हवा:
वर निळी पट्टी, डावीकडे यादी,
उजव्या कोपऱ्यात कानाला माईक लावून हसणारी गोरी बाई.
ती भवानी पेठेत सागवान विकायची,
तुळशीबागेत परकर,
हडपसरला बोअर मारून द्यायची.
दातांच्या एका डॉक्टरांनी विचारलं,
"ह्या दुसरीकडेही असतात का हो?"
"छे, ह्या तुमच्याच," मी म्हटलं.
खोटं. पण दात छान होते तिचे.

फोनचं बिल रात्री कमी येतं
म्हणून दिगू ओव्हाळ रात्री पानं चढवायचा.
मोडेम किंचाळलं की खालून गिरणीवाले ओरडायचे,
"मांजर पाळलंय का रे?"

बंद झाल्याचं पत्र आलं तो गुरुवार होता,
म्हणजे लाइट नव्हती.
आम्हाला शुक्रवारी कळलं.
विक्री बंद. दुरुस्ती बंद. आभार.
खांबेट्यांनी तीन ओळी तीनदा वाचल्या
आणि म्हणाले, आभारसुद्धा साच्यातला आहे.

खुर्च्या जुन्या बाजारात गेल्या.
दिगू हिंजवडीला गेला, तिकडे त्याला
गोल फिरणारी खुर्ची मिळाली.
मांडव उतरला की रस्त्यात खड्डे राहतात,
महापालिका दंड करते.
आम्हाला कोणी दंडही केला नाही.
पानं मात्र तशीच उभी,
कोणीतरी भाडं भरत असणार, सवयीनं.

गेल्या महिन्यात जब्बार शिकलगार आले,
मोरपंख ब्रास बँडचे. साचा अकरा.
बसले, पाणी प्यायले, मग म्हणाले,
"आमच्या हनीफचा नंबर काढता येईल का त्यातून?
जाऊन दीड वर्ष झालं.
लोक अजून लावतात, वहिनी उचलते."

पलंगाखालचा कॉम्प्युटर काढला,
चादर झटकली, पीठच उडालं.
सीडी फिरली, घरघरली.
पडद्यावर आलं:
परवाना तपासत आहोत, कृपया थांबा.
कुणाकडे तपासत होता तो?
तिकडचं दार कधीच विटांनी बुजवलेलं.
वाळूचं घड्याळ उलटत राहिलं,
आमचे दोन चहा झाले.

"राहू दे," जब्बारभाई म्हणाले.
"ह्या मोसमात सात सुपाऱ्या तिनंच घेतल्या.
आम्ही तर मोल केला की कचरतो, ती कचरत नाही."
आणि चपला शोधायला लागले.

रात्री मी तो नंबर लावला.
का लावला, ठाऊक नाही,
कदाचित आमच्या कामातला तो एवढाच भाग
अजून चालत होता म्हणून.
दोन रिंग.
"मोरपंख बँड, बोला. तारीख कुठली?"
माझ्या तोंडून निघालं, गुरुवार.
"कुठला गुरुवार?" ती म्हणाली,
आणि वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.